आजीच्या ‘झंब’मधला म

प्रश्न थोडक्यात असा आहे. टोरांटोत राहणाऱ्या एका मराठी कुटुंबाच्या शेजारी एक मॅसिडोनियन आजी राहतात. त्यांचं गाव उत्तर ग्रीसमधल्या कास्तोरिया शहराजवळचं. त्या शहराला आजी ‘कोस्तुर’ म्हणतात. या कुटुंबातल्या मुलीला त्या लाडानं ‘चेंदो’ म्हणतात, म्हणजे बाळ. दाताला ‘झंब’ म्हणतात, हाताला ‘रंका’. पण मुलीच्या आईच्या ऑफिसात स्कोप्येचा, म्हणजे उत्तर मॅसिडोनियाच्या राजधानीचा, एक सहकारी आहे, त्याच्या तोंडी हेच शब्द ‘चेदो’, ‘झाब’, ‘राका’ असे येतात. त्याचं म्हणणं, आजींची भाषा ग्रीकच्या शेजारानं बिघडलेली आहे, त्या शब्दात मधेच म किंवा न घुसवतात. तर मुलीची आई मला विचारते, आजींचं चुकतं का? आणि हा म-न आला कुठून?

उत्तर आधीच सांगतो. आजींचं काहीच चुकत नाही. तो म-न कुठून आलेला नाही, तो मुळातच तिथे होता. स्कोप्येकडच्या बोलीतून तो गेला, आजींच्या बोलीत राहिला. मी गेली बरीच वर्षं स्लाव्ह भाषांचा, म्हणजे मॅसिडोनियन, रशियन, पोलिश ज्या कुळात येतात त्यांचा, ध्वनिविचार शिकवतो आहे, आणि बोलींची ध्वनिमुद्रणं ऐकून ती उच्चारानुसार कागदावर उतरवणं हे माझं नेहमीचं काम आहे. त्या कामात मला सर्वांत प्रिय असलेल्या गोष्टींपैकी हा म एक आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हे समजायला मराठी माणसाला फार लांब जावं लागत नाही. ‘दात’ हा शब्द घ्या. संस्कृतात दन्त, हिंदीत दाँत, गोव्याकडच्या कोंकणीत दांत. मराठीत मात्र दात, नाकातला आवाज अजिबात नाही. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधी छापलेलं एखादं जुनं पुस्तक घरात असेल तर उघडून पाहा: दांत, पांच, नांव, गांव, कांहीं. त्या अनुस्वारांचा उच्चार बहुतेकांच्या तोंडून केव्हाच गेला होता, लिहिण्यात तेवढा उरला होता. नियमांनी तो तिथूनही काढला. आता गोव्याहून आलेल्या एखाद्या आजी ‘दांत’ म्हणाल्या, आणि पुण्याचा कुणी त्यांना ‘तुम्ही दातात उगीच न घालता’ असं म्हणाला, तर आपण त्याला काय सांगू? की बाबा रे, न त्यांनी घातला नाही, आपण गाळला. कोस्तुरच्या आजींची आणि स्कोप्येच्या सहकाऱ्याची गोष्ट नेमकी हीच आहे. योगायोग म्हणजे तीही दातावरूनच सुरू होते.

आता मूळ शब्दाकडे जाऊ. हजारेक वर्षांपूर्वी सगळ्या स्लाव्ह बोलींत दोन अनुनासिक स्वर होते. एक ‘ऑं’सारखा, दुसरा ‘एं’सारखा. दाताला ‘झॉंबु’, हाताला ‘रॉंका’, ओक वृक्षाला ‘दॉंबु’. लेकराला ‘चेंदो’, पाच या आकड्याला ‘पेंति’. थेस्सालोनिकी शहरातले दोघे भाऊ, कॉन्स्टन्टाइन (म्हणजेच सिरिल) आणि मेथोडियस, ८६३ मध्ये मोरावियाच्या धर्मकार्यासाठी निघाले तेव्हा स्लाव्ह भाषेसाठी नवी लिपी तयार झालेली होती. त्या लिपीत या अनुनासिक स्वरांना स्वतंत्र चिन्हं दिलेली आहेत. पुढच्या सिरिलिक लिपीत त्या अक्षरांना ‘मोठा यूस’ आणि ‘धाकटा यूस’ म्हणतात. उच्चार नसता तर लिपी नव्यानं बेतणाऱ्यानं त्याच्यासाठी अक्षरं केली नसती.

नंतर बहुतेक स्लाव्ह भाषांत हा नाकातला भाग गेला आणि स्वर आपापल्या वाटेनं बदलला. रशियन आणि सर्बियनमध्ये हात ‘रुका’ झाला, स्लोव्हेनियनमध्ये ‘रोका’. मॅसिडोनियनच्या बोलींमध्येच केवढा फरक पडला बघा: प्रिलेप-बितोला भागात ‘राका’, पश्चिमेला देबर गावाकडे ‘रोका’, उत्तरेला कुमानोवोकडे ‘रुका’. बोलींचे नकाशे काढणाऱ्यांना हा एक स्वर पुरतो. माणूस ‘हात’ म्हणाला की तो साधारण कुठला हे कळतं. बल्गेरियनमध्ये मोठा यूस लिहिण्यात १९४५ पर्यंत टिकून होता, बोलण्यातला अनुनासिक तोवर कधीच गेलेला. आपल्या १९६२ पूर्वीच्या अनुस्वारासारखीच ती गत.

पोलिशनं मात्र तो सोडला नाही. पोलिशमध्ये दात ‘झोंप’, हात ‘रेंका’, पारवा ‘गोवोंप’. आणि दुसऱ्या टोकाला, थेट दक्षिणेला, मॅसिडोनियन बोलींच्या अगदी काठावर, कोस्तुरच्या खेड्यांत, सीमेपलीकडे अल्बेनियात कोर्चा शहराजवळच्या बोबोश्तित्सा आणि द्रेनोवो या गावांत, आणि थेस्सालोनिकीच्या पूर्वेला सुहो आणि विसोका या गावांत तो टिकला. मधल्या अफाट प्रदेशात बहुतेक ठिकाणी तो गेला. आजींची बोली या काठावरची आहे.

तुमच्या सहकाऱ्याचा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण ग्रीकमध्ये ‘म्ब’, ‘न्द’ असे जोड भरपूर आहेत हे खरं आहे. ग्रीकमध्ये पाचाला लिहितात ‘पेन्ते’ आणि म्हणतात ‘पेंदे’. कोस्तुरची माणसं पिढ्यानपिढ्या दुभाषी. तेव्हा ग्रीकच्या सवयीनं म-न शिरला असेल, ही शंका सुचणं साहजिक आहे. पण ती पडताळता येते, आणि पडताळणी तुम्ही घरच्या घरी करू शकता.

म-न सवयीनं घुसत असता तर तो ब-द-ग दिसला की कुठेही घुसला असता. मासा या अर्थी ‘रिबा’, आजी या अर्थी ‘बाबा’, पाणी ‘वोदा’, पाय ‘नोगा’, आकाश ‘नेबो’. यांतल्या प्रत्येकात ब, द किंवा ग आहे. आजी कधी ‘रिंबा’ म्हणतात का? ‘वोंदा’? ‘नोंगा’? नाही म्हणत. म-न फक्त त्याच शब्दांत येतो ज्यांत जुन्या स्लाव्हमध्ये अनुनासिक स्वर होता: झंब, रंका, दंब (ओक), गोलंब (पारवा), चेंदो, ग्रेंदा (तुळई), रेंद (रांग, ओळ), ग्लेंदा (बघतो). हजार वर्षांपूर्वी कुठल्या स्लाव्ह शब्दात अनुनासिक होता आणि कुठल्यात नव्हता, हे ग्रीक भाषेला कुठून ठाऊक असणार? शेजारची भाषा आवाजाची सवय लावू शकते, पण दुसऱ्याच्या शब्दांची जुनी यादी ती पाठ करून देऊ शकत नाही. माझ्या दृष्टीनं हा मुद्दा इथेच निकाली निघतो.

तरी आणखी साक्षी हव्या असतील तर त्या आहेत, आणि त्या स्लाव्ह नाहीत, हे विशेष. हंगेरियन लोक नवव्या शतकाच्या अखेरीस कार्पेथियन खोऱ्यात उतरले. तिथे आधीपासून स्लाव्ह वस्ती होती आणि हंगेरियननं तिच्याकडून शेकडो शब्द उचलले. हंगेरियन ही वेगळ्याच कुळातली भाषा. तिला स्लाव्ह ध्वनिनियमांशी काही देणंघेणं नाही. तिनं जे ऐकलं ते ठेवलं. आज हंगेरियनमध्ये अळंबीला ‘गोम्बा’ म्हणतात, पारव्याला ‘गलॉम्ब’, क्रमाला आणि व्यवस्थेला ‘रेंद’, शुक्रवारला (म्हणजे पाचव्या वाराला) ‘पेन्तेक’. आता आजींना अळंबी दाखवून विचारा. ‘गंबा’ म्हणतील. पारवा दाखवा, ‘गोलंब’ म्हणतील. रोमानियनमध्ये महाग या अर्थी ‘स्कुम्प’ आहे, तोही स्लाव्हकडून घेतलेला. कोस्तुरकडे ‘स्कंप’ ऐकू येतो, प्रमाण मॅसिडोनियनमध्ये ‘स्काप’. एकमेकांना न ओळखणारे तीन साक्षीदार एकच गोष्ट सांगत असतील तर मी त्यांच्यावर विश्वास ठेवतो.

हंगेरियनमधला एक शब्द इथे सांगायचा मोह आवरत नाही. शेजारी या अर्थी तिथे ‘सोमसेद’ म्हणतात. तो जुन्या स्लाव्ह ‘सॉंसेदु’चा, आणि त्याची फोड होते ‘एकत्र’ अधिक ‘बसणं’. आपल्या ‘संसद्’ शब्दाची घडण अगदी हीच आहे: सम् आणि सद्. स्लाव्हमध्ये सम्मधला म स्वरात मुरून अनुनासिक झाला, हंगेरियननं तो परत सुटा करून ठेवला. दाताच्या शब्दाचंही असंच. वेदात ‘जम्भ’ म्हणजे दात, जबडा. त्याचाच भाऊ ग्रीकमध्ये ‘गोम्फोस’, म्हणजे खुंटी. तोच स्लाव्हमध्ये ‘झॉंबु’. म्हणजे आजींच्या ‘झंब’मधला म आणि आपल्या ‘जम्भ’मधला म हा मुळात एकच म आहे. ग्रीकच्या शेजारानं कोस्तुरमध्ये तो तयार केला, हे म्हणणं टिकत नाही. तो ग्रीक, स्लाव्ह आणि संस्कृत वेगवेगळ्या होण्याच्याही आधीचा आहे.

आता जरा बारकाईनं कान लावू, कारण इथे आजींची बोली मराठी कानाला फार जवळची वाटते.

आजींच्या तोंडी आज शुद्ध अनुनासिक स्वर नाही. स्वर साधा झाला आहे आणि नाकातला आवाज त्याच्यापुढे वेगळं व्यंजन होऊन उभा राहिला आहे. कुठलं व्यंजन, हे पुढच्या आवाजावर ठरतं: ब-पच्या आधी म, द-तच्या आधी न, क-गच्या आधी ङ. म्हणून झंबमध्ये म आहे, चेंदोमध्ये न आहे, आणि रंकामध्ये जो आहे तो ‘न’ नव्हे, ‘पंकज’मधला ङ आहे. शाळेत परसवर्ण शिकलो होतो ना, तोच हा. आंबा, चंदन, गंगा: अनुस्वार एकच लिहितो, पण तोंडात म, न, ङ असे तीन होतात. याचं कारण तोंडातच आहे. अनुनासिक स्वर म्हणताना पडजीभ खाली असते, हवा नाकातून जात असते. पुढच्या ब साठी ओठ मिटतात, पण पडजीभ वर जायला क्षणभर उशीर करते. ओठ मिटलेले आणि नाक उघडं, म्हणजेच म. तो क्षण लांबला की म स्वतंत्रपणे ऐकू येतो आणि स्वरातला अनुनासिक सुटून जातो.

मग पुढचा आवाज श किंवा स असेल तर? तिथे तोंड पूर्ण मिटतच नाही, त्यामुळे व्यंजन तयार होत नाही. मराठीत ‘संसार’ किंवा ‘मांस’ म्हणून बघा. म नाही, न नाही. जीभ कुठे टेकतच नाही, व सारखा नाकातून सरकणारा आवाज येतो. कोस्तुरमध्ये अशा जागी अनुनासिकाला उभं राहायला आधारच मिळाला नाही, तो विरून गेला. मांसाला जुना स्लाव्ह शब्द ‘मेंसो’ होता, आपल्या मांस शब्दाचा सख्खा नातेवाईक. पोलिशमध्ये आजही ‘म्येंसो’. पण आजी ‘मेसो’ म्हणतील, तुमच्या सहकाऱ्यासारखंच. शब्दाच्या शेवटीही तेच. नावाला जुना शब्द ‘इमें’ होता, आजी ‘इमे’ म्हणतील. तेव्हा ‘आजी झंब म्हणतात पण मेसो म्हणतात, मग यात काही नियम आहे की नाही’ असं मनात आलं तर उत्तर हे आहे, की नियम आहे, आणि आपल्या परसवर्णाचा नियम जिथे थांबतो तिथेच तो थांबतो.

सर्वांत सुंदर उदाहरण घराचं आहे. घराला मूळ शब्द ‘कॉंत्या’. यात ऑंच्या पुढे त आहे, तेव्हा ‘कंत…’ असं काही ऐकू येईल अशी अपेक्षा होते. पण कोस्तुरमध्ये जुन्या ‘त्य’चा ‘श्च’ झाला, आणि घर झालं ‘कश्चा’. न नाही. कारण अनुनासिकापुढे आता त राहिला नव्हता, श आला होता, आणि श पुढे तो टिकत नाही. म्हणजे एकाच शब्दातले दोन बदल कुठल्या क्रमानं झाले, तेही या ‘कश्चा’तून वाचता येतं: आधी त्यचा श्च झाला, मग अनुनासिकाचं व्यंजन होण्याची वेळ आली. कुठल्याही ग्रंथात कुणी न लिहून ठेवलेला क्रम एका आजींच्या रोजच्या शब्दात शाबूत आहे. मी हे उदाहरण दर वर्षी विद्यार्थ्यांना फळ्यावर लिहून दाखवतो आणि दर वर्षी मला तितकाच आनंद होतो.

स्वराबद्दलही एक सांगायला हवं. झंबमधला स्वर काही गावांत मराठी अ सारखा आहे, काही गावांत आ कडे झुकतो. प्रमाण मॅसिडोनियनच्या लिपीत या अ साठी अक्षर नाही. बोलीतला शब्द लिहायची वेळ आली तर त्या जागी स्वरलोपाची खूण देतात. देवनागरीत आपण तो सहज लिहितो. तुम्ही मला कळवताना ‘झंब’ असं लिहिलंत, त्यात तुमच्या कानानं अचूक पकडलं आहे. इथला झ मात्र आपल्या ‘झाड’मधला, जरा मऊ, ‘झेंडा’तला नव्हे.

आजींच्या बोलीची बाकीची ओळख भराभर सांगतो. जोर, म्हणजे आघात, हा पटकन लक्षात येणारा फरक. प्रमाण मॅसिडोनियनमध्ये लांब शब्दांत आघात शेवटून तिसऱ्या अक्षरावर असतो. पाणचक्कीवाल्याला ‘वोदेनिचार’ म्हणतात, आघात ‘दे’वर. अनेकवचनात ‘वोदेनिचारि’, आघात सरकून ‘नि’वर. निश्चित रूपात, म्हणजे ‘ते पाणचक्कीवाले’ या अर्थी, ‘वोदेनिचारिते’, आघात आणखी सरकून ‘चा’वर. कोस्तुर आणि कोर्चाकडे आघात शेवटून दुसऱ्यावर पडतो. मराठीत आघाताला अर्थभेदाचं काम नाही, त्यामुळे आपल्या कानाला हे सुरुवातीला जाणवत नाही. पण स्कोप्येच्या माणसाला आजींचं बोलणं ‘परकं’ वाटतं त्यात अर्धा वाटा म-नचा, तर अर्धा या आघाताचा असावा. तिसरी खूण वर आलीच: प्रमाण भाषेत जिथे मऊ क्य ऐकू येतो तिथे आजींकडे ‘श्च’ येतो.

हे सगळं आधी कुणी पाहिलं आणि कसं, तेही थोडं सांगतो, कारण आजींच्या बोलीकडे मोठमोठ्या अभ्यासकांनी फार आदरानं पाहिलं आहे. एकोणिसाव्या शतकात मोठा वाद होता, की सिरिल-मेथोडियसांनी ज्या भाषेत धर्मग्रंथ आणले ती कुठल्या भागातली बोली. एक पक्ष ती पॅनोनियाची, म्हणजे आजच्या हंगेरीच्या बाजूची, म्हणत होता. वात्रोस्लाव ओब्लाक नावाचा तरुण स्लोव्हेन अभ्यासक थेस्सालोनिकीच्या भागात गेला, सुहो गावची बोली त्यानं अभ्यासली आणि तिथे अनुनासिक स्वरांचे हे अवशेष जिवंत दाखवले. त्याचं काम १८९६ मध्ये प्रसिद्ध झालं, त्याच वर्षी तो वारला, वय अवघं एकतीस. जुन्या धर्मग्रंथांची भाषा या दक्षिणेकडच्या बोलींवर उभी आहे, हे मत त्यानंतर पक्कं होत गेलं. पुढे १९३० च्या दशकात पोलिश अभ्यासक म्येचिस्वाव मावेत्स्की यांनी सुहो आणि विसोकाच्या बोलींचे उतारे आणि शब्दसंग्रह छापले. ज्याच्या स्वतःच्या भाषेत ‘झोंप’ आणि ‘रेंका’ आहे अशा माणसानं एजियन समुद्राजवळच्या खेड्यात तोच म-न ऐकला, तेव्हा त्याला काय वाटलं असेल याचा मी अनेकदा विचार करतो. अल्बेनियातल्या बोबोश्तित्साची सामग्री फ्रेंच अभ्यासक आंद्रे माझों यांनी १९३६ मध्ये छापली. कोस्तुरच्या बोलीचं सविस्तर वर्णन १९७३ मध्ये ब्लागोय श्क्लिफोव यांनी केलं. ते स्वतः त्याच भागातले, म्हणजे घरात ऐकलेली भाषा त्यांनी लिहिली. मॅसिडोनियन बोलींची एकूण वर्गवारी ज्यांच्यामुळे आज हाताशी आहे ते बोझिदार विदोएस्की. या बोलींना मॅसिडोनियन म्हणायचं की बल्गेरियन, यावर दोन्हीकडच्या अभ्यासकांचं एकमत नाही. झंबमधल्या म बद्दल मात्र दोन्हीकडची वर्णनं जुळतात, आणि आपल्या प्रश्नाला तेवढं पुरेसं आहे.

याहून जुना पुरावाही आहे. सोळाव्या शतकात कोस्तुर भागातल्या कुणीतरी ग्रीक अक्षरांत तिथल्या स्लाव्ह बोलीचे सुमारे तीनशे शब्द लिहून ठेवले. ते हस्तलिखित व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सापडलं आणि १९५८ मध्ये प्रसिद्ध झालं. ते वाचताना एक काळजी घ्यावी लागते. ग्रीक लिपीत ब साठी वेगळं अक्षर नाही; ब लिहायचा तर म आणि प ही अक्षरं जोडून लिहितात. म्हणजे कागदावर ‘म्प’ दिसलं तर तो नुसता ब असेल किंवा खरंच म्ब असेल. द आणि गचंही असंच. त्यामुळे ग्रीक अक्षरांत लिहिलेल्या एकट्या शब्दावरून अनुनासिकाचा निर्णय करू नये. जिवंत माणसाच्या तोंडून ऐकलेल्या उच्चाराशी तो ताडून बघावा लागतो. आजींसारख्या बोलणाऱ्यांची किंमत इथे कळते.

मग काठावरच हा आवाज का टिकला? माझं मत असं, की दोन गोष्टी जुळून आल्या. नवे बदल मध्यभागात सुरू होऊन पसरत जातात आणि टोकाच्या खेड्यांपर्यंत कधी उशिरा पोचतात, कधी पोचतच नाहीत. शिवाय तिथल्या लोकांच्या कानावर रोज ग्रीक आणि अल्बेनियन पडत होती, आणि दोहोंत म्ब-न्द भरपूर. त्यामुळे हा जोड त्यांना कधी अवघड वाटला नाही. म्हणजे ग्रीकच्या शेजाराबद्दल तुमचा सहकारी बोलला त्यात इतकं तथ्य नक्की आहे: शेजारानं आवाज जपायला मदत केली असावी. त्यानं तो निर्माण केला नाही.

सहकाऱ्याला दोष देऊ नका. तो ज्या भाषेत शिकला ती १९४५ मध्ये प्रमाण ठरली, आणि तिचा पाया मध्य-पश्चिमेकडच्या बोली आहेत, प्रिलेप, बितोला, वेलेस या बाजूच्या. मॅसिडोनियन प्रमाण भाषेचे आद्य पुरस्कर्ते क्रस्ते मिसिर्कोव यांनी १९०३ मध्येच मध्यवर्ती बोली पायाला घ्यावी असं सुचवलं होतं, आणि ते स्वतः त्या भागातले नव्हते. निवड शहाणपणाची होती. पण कोस्तुर १९१३ पासून ग्रीसमध्ये. तिथल्या मुलांना ही प्रमाण भाषा शाळेत कधी मिळाली नाही, आणि स्कोप्येच्या मुलांच्या कानावर कोस्तुरची बोली पडली नाही. त्यातून एकमेकांचं बोलणं ‘चुकीचं’ वाटणं सुरू होतं.

आजींच्या बाजूनं हे आणखी दुखरं आहे. ग्रीसमध्ये मेताक्सासच्या हुकूमशाहीत, १९३६ पासून, ही भाषा चारचौघांत बोलण्यावर बंदी होती आणि बोलणाऱ्यांना शिक्षा होई. त्यानंतर यादवी युद्ध. १९४८ मध्ये या भागातली हजारो मुलं पूर्व युरोपातल्या देशांत हलवली गेली. कोस्तुर आणि लेरिन (ग्रीक नाव फ्लोरिना) इकडची कितीतरी कुटुंबं टोरांटोत आणि ऑस्ट्रेलियात स्थिरावली. एका पिढीनं ही भाषा दारं लावून बोलली आहे. त्यांना आता आपल्याच भाषेच्या माणसाकडून ‘बिघडलेली’ हा शब्द ऐकावा लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

आता तुम्ही काय करू शकता. आजींची हरकत नसेल तर फोनवर त्यांचं बोलणं रेकॉर्ड करा. एक चूक टाळा, जी मी सुरुवातीच्या काळात केली होती. कोस्तुरकडच्या एका वृद्ध बाईंना मी प्रमाण भाषेत विचारलं, ‘झाबला तुमच्याकडे काय म्हणतात?’ त्या म्हणाल्या, ‘झाब.’ मी तसं लिहून घेतलं. पाहुण्यापुढे माणूस पाहुण्याचाच शब्द परत देतो, हे मला तेव्हा उमगलं नव्हतं. अर्ध्या तासानं त्या दाढदुखीची हकीकत सांगायला लागल्या आणि तोंडून आलं, ‘झंबिते’, म्हणजे ‘ते दात’. कागदावरचं पान मी तिथेच फाडलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा शब्द विचारू नका. चित्र दाखवा, वस्तू दाखवा, गोष्ट सांगायला लावा. दात, हात, अळंबी, पारवा, तुळई यांची चित्रं ठेवा आणि मधूनमधून मासा, पाणी, पाय यांचीही, म्हणजे ‘रिंबा’ होत नाही याचीही नोंद राहील. एकवचन ऐकलं की अनेकवचन जरूर मिळवा. मॅसिडोनियनमध्ये शब्दाच्या शेवटी ब चा प होतो, त्यामुळे एक दात ‘झंप’ ऐकू येईल आणि तुम्ही गोंधळाल. अनेक दात म्हटले की ‘झंबि’, आणि ब परत स्पष्ट होतो. एखाद्या शब्दात म-न नाही ऐकू आला तर आग्रह धरू नका. ही बोली गावागणिक बदलते, आणि काही शब्दांत तो गेलेलाही आहे. गेला आहे ही नोंदसुद्धा तितकीच मोलाची.

आणि गावाचं नाव आजींच्या उच्चारात घ्या, नकाशावरच्या नव्हे. त्या भागातली नावं १९२० च्या दशकात ग्रीक करण्यात आली. कोस्तुरजवळच्या एका गावाचं आजचं नाव देंद्रोहोरी, म्हणजे झाडाचं गाव. तिथली माणसं त्याला ‘दंबेनि’ म्हणत आली, ‘दंब’ म्हणजे ओकवरून. प्रिलेपजवळ याच झाडावरून नाव पडलेलं गाव आहे, ते ‘दाब्नित्सा’. त्यात म नाही. आजींचं गाव कुठलं ते कळलं, की रंकामधला अ त्यांच्याकडे कसा असायला हवा ते मी तुम्हाला सांगू शकेन, आणि तुमच्या रेकॉर्डिंगशी तो ताडून बघता येईल.